दिल्ली ते बिश्केक, साडेतीन तास

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाने लातूरच्या एका मंगल कार्यालयात भरल्या सभेत मला उभं केलं, तेव्हापासून मी त्याच्या घरचं पाणी प्यालेलो नाही. त्याआधी फार आवडीने पीत होतो असंही नाही.

सभा त्याचीच होती. बारावीनंतर ज्या पोरांचा इथल्या मेडिकलला नंबर लागत नाही, त्यांना परदेशात डॉक्टर व्हायला पाठवायचं हा त्याचा धंदा. समोर खुर्च्यांवर रेणापूर, औसा, अहमदपूरकडून आलेले आईबाप, त्यांच्या शेजारी खाली माना घातलेली पोरं, आणि स्टेजवर माइक घेतलेला हा. मागच्या पडद्यावर आशियाचा नकाशा होता. दिल्लीहून एक तांबडी रेघ निघून किर्गिझस्तानच्या राजधानीवर, बिश्केकवर, उतरत होती. रेघेवर छोटंसं विमान.

मी तिसऱ्या रांगेत होतो, कारण खाली माना घातलेल्यांत माझी मुलगीही होती.

"हे आमचे दाजी," तो माइकवरून म्हणाला. "भूगोलाचे मास्तर हायेत. दाजी, उभं राहा जरा. आज नांदेडहून एसटीनं आलात. किती तास लागले?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभा राहिलो. "साडेतीन."

"ऐका! मास्तर सोता सांगून राहिलेत. नांदेड ते लातूर साडेतीन तास. आन दिल्ली ते बिश्केक? साडेतीन तास! म्हंजे पोरगी काय परदेशात चालली न्हाई, मामाच्या गावाला चालली!"

लोक हसले. टाळ्याही पडल्या. माझी मुलगीही हसली, आणि ते मला जास्त लागलं.

आकडा खोटा असता तर मी तिथल्या तिथे त्याला उघडा पाडला असता. पण तो खोटा नव्हता. घरी येऊन मी नकाशाचं पुस्तक काढलं आणि पट्टी ठेवली. दिल्ली ते बिश्केक सरळ अंतर सोळाशे किलोमीटरच्या आसपास भरतं. विमानाला तेवढाच वेळ लागायचा. आणखी एक गोष्ट दिसली. नांदेड आणि दिल्ली जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत आणि बिश्केक त्याच रेघेच्या जरासं डावीकडे. तिन्ही गावं पट्टीच्या एका कडेला लागतात. सव्वीस वर्षं भूगोल शिकवून हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. ते ध्यानात यायला ह्या माणसाची सभा लागली, ह्याचाही मला राग आला.

ह्या रागाचं मूळ जुनं आहे, तेही सांगून टाकतो. माझी पहिली नोकरी रेणापूरच्या एका शाळेत होती आणि तो माझ्या वर्गात दहावीला होता. बोर्डाच्या परीक्षेत मी त्याला कॉपी करताना पकडलं. बाह्या दुमडलेल्या होत्या आणि दुमडीत चिठ्ठ्या होत्या. त्याचं वर्ष गेलं. तीन वर्षांनी मध्यस्थाने माझ्यासाठी जे स्थळ आणलं ती त्याची थोरली बहीण निघाली. मोठ्या माणसांनी "झालं गेलं विसरा" म्हणून लग्न लावलं. कोणीच काही विसरलं नाही. तो पुढे लातूरला गेला. क्लासच्या पोरांसाठी त्याने आधी मेस काढली, मग हॉस्टेल, मग हे ऑफिस. माझ्यासमोर आला की पाया पडायचा, आणि पडताना न चुकता म्हणायचा, "मास्तर, बाह्या तपासून घ्या."

मुलगी क्लाससाठी दोन वर्षं त्याच्याच घरी राहिली. ते माझ्या मनात नव्हतं. बायको म्हणाली, सख्खा मामा असताना पोरगी परक्या हॉस्टेलात कशाला? दोन वर्षांनी पोरगी परत आली ती त्याच्यासारखी हात हलवत बोलायला शिकून. दोन्ही वेळा तिचा नंबर थोडक्यात हुकला होता.

सभेनंतर घरी मी सांगितलं, बिश्केकचं नाव ह्या घरात काढायचं नाही. इथे बीएस्सी कर, बीएड कर, शिक्षिका हो.

ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, तुम्हाला जगातली सगळी शहरं पाठ आहेत. त्यातलं एक तरी पाहिलंय?"

मी ताटावरून उठलो. बायकोनं मला थांबवलं नाही.

ती गेली. बापाने नाही म्हणायचं आणि आई, मामा, लेक तिघांनी मिळून करायचं ते करायचं, असं आमच्या घरात झालं. मी एवढंच केलं की तिला दिल्लीपर्यंत पोचवायला गेलो, आणि घरातून निघताना घड्याळ पाहून वेळ एका कागदावर लिहिली. सकाळी नऊ. नांदेडहून गाडी निघाली ती दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीला लागली. एक मुक्काम झाला. तिसऱ्या दिवशी पहाटे विमानतळावर. तिथे दारातल्या जवानाने तिकीट नसलेल्यांना बाहेरच थांबवलं. मेहुणा वीस पोरांची टोळी घेऊन आत गेला. काचेतून मला मुलीची निळी बॅग दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. संध्याकाळी सहाला तिचा हॉस्टेलवरून फोन आला. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे आहे, तेव्हा तिच्याकडे साडेसहा झाले होते. "पोचले पप्पा. लई थंडी हाय," ती म्हणाली. तोंडात मामाची भाषा.

मी कागदावर बेरीज केली. घरच्या उंबऱ्यापासून हॉस्टेलच्या उंबऱ्यापर्यंत सत्तावन्न तास.

तो कागद मी जपून ठेवला. दोन-तीन महिन्यांनी सासरच्या नात्यात रेणापूरला एक लग्न होतं. पंगत उठल्यावर मेहुणा खुर्चीवर बसून चार पालकांना तेच ऐकवत होता, मामाचं गाव, साडेतीन तास. मी गेलो आणि कागद त्याच्या हातात ठेवला.

"हे वाचून दाखव," मी म्हणालो. "मोठ्यानं वाच."

त्याने वाचलं, पण मनातल्या मनात. मग मीच मोठ्याने सांगितलं. सत्तावन्न तास. विमानतळ तुमच्या परसात असलं तर साडेतीन. नसलं तर सत्तावन्न. ह्याला पहिल्यापासून अर्धंच उत्तर लिहायची सवय आहे, तेही बाहीतलं बघून.

ते चार पालक उठून गेले. मेहुणा उभा राहिला. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता.

"मास्तर," तो म्हणाला. दाजी नाही म्हणाला. "आजपास्नं तुमचा-माझा संबंध माझ्या बहिणीपुरता. तुमच्या दारात मी तिच्यासाठीच यीन. तुमच्याशी बोलनार न्हाई."

"बरं होईल," मी म्हणालो.

खरं सांगायचं तर त्या रात्री मला झकास झोप लागली.

मुलीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. मार्च महिना होता. मी नांदेडला राहतो आणि भोकरच्या शाळेत रोज जाऊन-येऊन नोकरी करतो. नववीच्या वर्गावर असताना फोन वाजला. परदेशी नंबर. मुलीच्या खोलीत राहणारी परभणीकडची पोरगी बोलत होती. रडत होती, त्यामुळे आधी काही कळेना. मग कळलं. चार दिवस पोटात दुखत होतं, मुलीने अंगावर काढलं, अपेंडिक्स आतल्या आत फुटलं. आता ऑपरेशन चालू आहे.

"काका, कोणीतरी या," ती पोरगी म्हणाली.

मी वर्गातून तसाच निघालो, वाटेतूनच बायकोला फोनवर सांगितलं. नांदेडला येईपर्यंत डोक्यात एकच होतं, दिल्ली गाठायची आणि विमानात बसायचं. घराच्या पायऱ्या चढताना लक्षात आलं की माझ्याकडे पासपोर्टच नाही. मुलीचा काढला तेव्हा बायको म्हणाली होती, आपलेही काढून घेऊ. मी म्हणालो होतो, मला कुठे जायचंय?

पोस्टातल्या पासपोर्टच्या खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सर, तातडीचा अर्ज केला तरी आठवडा धरून चाला. मग व्हिसा. तुमच्या घरात दुसरं कोणाकडे पासपोर्ट आहे का?"

"नाही," मी म्हणालो आणि अर्ज भरायला घेतला.

होता. एकाकडे होता. पासपोर्ट होता, व्हिसा होता, तिथली भाषा मोडकीतोडकी येत होती, दवाखाना ठाऊक होता. वर्षातून चारदा तो जाऊन येत होता. हे मला त्या खिडकीसमोर उभं असताना स्पष्ट माहीत होतं आणि तरी मी नाही म्हणालो.

तो दिवस आणि दुसरा दिवस मी ह्याला फोन कर, त्याला फोन कर ह्यात घालवला. जुना विद्यार्थी दिल्लीत मंत्रालयात आहे म्हणे, त्याचा नंबर मिळवला. तो म्हणाला, बघतो. बायको स्वयंपाकघरात बसून होती. तिने एकदाही म्हटलं नाही की माझ्या भावाला विचारा. मला वाटलं, माझ्या धाकाने म्हणत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझा धीर सुटला. मुलगी शुद्धीवर आली होती, पण ताप उतरत नव्हता, एवढंच त्या परभणीच्या पोरीकडून कळत होतं. मी अंगणात जाऊन मेहुण्याचा नंबर लावला. सव्वा वर्षाने.

त्याने लगेच उचलला. मी म्हणालो, "मी बोलतोय."

"हाव. बोला."

"पोरगी..." पुढचं वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं, ते आलं नाही.

"मी तिच्याजवळच हाय मास्तर," तो म्हणाला. "काल सांजंच्याला पोचलो. ताप हाय, पन डॉक्टर म्हंते उतरंल. झोपलीय आता. हळू बोला."

बायकोने त्याला पहिल्याच तासात फोन केला होता. मी भोकरहून नांदेडला यायच्या आत तो लातूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागला होता.

अशा वेळी बापाला काय वाटायला पाहिजे ते मला ठाऊक आहे. हायसं वाटायला पाहिजे. डोळ्यांत पाणी यायला पाहिजे. माझ्या तोंडून निघालं, "मला कोणी सांगितलं का नाही?"

तो म्हणाला, "तुम्ही इचारलं न्हाई." आणि, "लातूरपास्नं तीस तास लागले. लिवून ठिवा कागदावर." फोन बंद केला.

मी आत गेलो आणि बायकोवर ओरडलो. लग्नानंतर एवढा कधी ओरडलो नव्हतो. दोन दिवस मी वणवण फिरलो, कुणाकुणाचे पाय धरले, आणि तू बघत बसलीस?

ती कणीक मळत होती. हात थांबवून म्हणाली, "मी सांगितलं असतं तर तुम्ही त्याला जाऊ नको म्हणाला असता. आणि त्याने तुमचं ऐकलं असतं तर? मला ती जोखीम घ्यायची नव्हती."

मी जाऊ नको म्हणालो असतो का? आजही मला छातीवर हात ठेवून नाही म्हणता येत नाही.

तो तिथे बारा दिवस राहिला. रोज संध्याकाळी त्याचा व्हिडिओ फोन यायचा, बायकोच्या मोबाइलवर. मी पलंगावर बसून ऐकायचो, पडद्यासमोर जायचो नाही. त्याने मेसच्या आचाऱ्याला सांगून भाताची पेज करून घेतली होती आणि चमच्याने तिला भरवत होता. ती मधे मधे हसायची, मग टाके दुखले की ओरडायची, "मामा, हसवू नका!" एकदा बायकोने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरलाच. मुलगी वाळून काडी झाली होती. हाताला सलाइनची सुई.

"पप्पा, काळजी करू नका," ती म्हणाली. "मामा हायेत ना."

मी म्हणालो, "हो." दुसरं काय म्हणणार होतो?

ज्या दिवशी तिला दवाखान्यातून सोडलं, त्याच दिवशी पोस्टमन माझा पासपोर्ट घेऊन आला. मी सही करून घेतला आणि कपाटात टाकला.

उन्हाळ्याच्या सुटीत ती घरी आली. तो तिला दारापर्यंत सोडून, बहिणीला बाहेरच भेटून, त्याच गाडीने लातूरला गेला. मी खिडकीतून पाहिलं. मी बाहेर गेलो नाही आणि तो आत आला नाही. एक शब्द तोंडातून काढायचा होता. मनात तयारही होता. पण गाडी सुरू झाली आणि मला बरंच वाटलं.

तो शब्द बोललो नाही ते किती चांगलं झालं, असं मला जूनमध्ये वाटलं. शाळेतल्या एका सहकाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. "सर, ही तुमचीच मुलगी ना?"

फोटोत माझी मुलगी दवाखान्याच्या खाटेवर होती, केस विस्कटलेले, हाताला सुई. शेजारी तिचा हात हातात घेऊन मेहुणा कॅमेऱ्याकडे बघत होता. वर ठळक अक्षरांत, "परदेशातही मामाची माया." खाली त्याचा पत्ता आणि विमान.

मी रजा टाकली आणि लातूरची एसटी धरली. अहमदपूर येईपर्यंत काय काय बोलायचं ते ठरवत होतो, आणि आयुष्यात प्रथमच मला माझी बाजू शंभर टक्के खरी वाटत होती. क्लासच्या गल्लीत त्याचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याच्या तोंडाशी तोच फोटो, माझ्याएवढ्या उंचीचा, फ्लेक्सवर. मी त्याची वरची कड धरून ओढली. दोऱ्या पक्क्या होत्या. अर्धाच फाटला.

आवाजाने तो खाली आला. "मास्तर, काय करून राहिलात?"

"माझ्या पोरीचं आजारपण विकतोस? लाज नाही वाटत?"

"तिला इचारून लावलाय."

"खोटं."

"फोन लावा. आत्ता लावा, माझ्यासमोर."

मुलगी तेव्हा नांदेडलाच होती. मी लावला. गल्लीत येणारी-जाणारी पोरं थांबून बघत होती.

"हो, मामांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "मी हो म्हणाले. पप्पा, बारा दिवस ते माझ्यासाठी खुर्चीवर झोपले. फोटोत काय जातंय माझं?"

"मला का नाही विचारलं?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

दोघी मायलेकी एकच वाक्य बोलत होत्या. मी फोन ठेवला.

"ऐकलं?" मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज आता चढला होता. "मी धंदा करतो मास्तर, लपवत न्हाई. पन गेलो तवा धंद्यासाठी गेलो नव्हतो. माझ्या पोरीसाठी गेल्तो."

"तुझी पोरगी नाही ती."

"दोन वर्षं माझ्या घरात जेवली. माझीबी हाय."

मी हात उचलला. मारला नाही, पण उचलला, हे खरं. तो मागे सरला नाही. जिन्यावरून कोणीतरी खाकरलं, म्हणून मी वर पाहिलं.

एक माणूस उभा होता, पांढरी टोपी, हातात पिशवी. मागे त्याची बायको आणि वेणी घातलेली मुलगी. हिमायतनगरहून आले होते. ऑफिसात बसले होते आणि भांडण ऐकून जिन्यात आले होते. त्याने अर्धा फाटलेला फोटो पाहिला, मग मला पाहिलं.

"ही तुमची लेक का सर?" त्याने विचारलं. "आता बरी हाय?"

"बरी आहे."

"मग तुम्हीच सांगा. पाठवावं का न्हाई?"

मेहुणा माझ्याकडे बघत होता. एका शब्दाचं काम होतं. नको म्हणालो असतो तर ती माणसं पिशवी उचलून बसस्टँडवर गेली असती, आणि त्यांच्यामागून गावातली आणखी दहा. ती वेणीवाली पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. सभेत माझी मुलगी जशी बसली होती तशी तिची मान खाली नव्हती.

"शिकवतात नीट," मी म्हणालो. "पोरगी माझी तिसऱ्या वर्षाला जाईल आता. पण हा सांगतो तेवढं जवळ नाही. पोचायला तीन दिवस धरा. आणि पाठवायच्या आधी तुम्ही दोघं स्वतःचे पासपोर्ट काढा. अडीअडचणीला ह्याच्यावर विसंबायची पाळी येऊ देऊ नका."

त्या माणसाने मान हलवली. मी मागे फिरलो आणि बसस्टँडकडे चालू लागलो.

फ्लेक्स त्याने दुसऱ्या दिवशी नवा लावला, तोच फोटो घालून. हे मला बायकोकडून कळलं. आणखी एक कळलं, की आता तो सभेत पालकांना आधी पासपोर्ट काढायला सांगतो. माझं नाव अर्थातच घेत नाही. मीही त्याला कधी म्हणालो नाही की तू गेलास म्हणून पोरगी वाचली.

मुलगी ऑगस्टच्या शेवटी परत गेली. ह्या वेळी दिल्लीला मी गेलो नाही, तीच नको म्हणाली. आता तिला वाट माहीत आहे. फोन आठवड्यातून दोनदा येतो. आधी आईशी बोलते, मग मला विचारते, जेवलात का, शाळा कशी आहे.

दिवाळीत बायको भाऊबीजेला लातूरला निघाली. ओवाळणीचं ताट पिशवीत, वर रुमाल बांधलेला. मी तिला बसमध्ये खिडकीशी जागा धरून दिली. ती म्हणाली, "चला की तुम्हीही."

"पेपर तपासायचे आहेत," मी म्हणालो.

बस हलली. घरी येऊन मी सहामाहीचा गठ्ठा सोडला आणि पहिला पेपर उघडला.